वैद्यक परिषदेकडे डॉक्टरची तक्रार: कागद, कलमे आणि सुनावणी

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करून भरपाई मिळत नाही, बिल कमी होत नाही आणि डॉक्टरला अटकही होत नाही. हे आधीच सांगितलेले बरे, कारण अनेक अर्ज ‘आमचे पैसे परत मिळावेत’ या ओळीवर संपतात आणि ती ओळ परिषदेच्या दृष्टीने वाया गेलेली असते. परिषदेच्या हातात असते ते नोंदवहीतले डॉक्टरचे नाव. महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम, १९६५ च्या कलम २२ नुसार चौकशीत दोषी ठरलेल्या डॉक्टरला ताकीदपत्र देता येते, ठरावीक काळापुरते नाव काढता येते किंवा कायमचे काढता येते. नाव नाही त्या काळात प्रॅक्टिस बंद. दादरला किंवा बोरिवलीला गाळ्याचे भाडे भरणाऱ्या डॉक्टरला सहा महिने दवाखाना बंद ठेवणे परवडत नाही, त्यामुळे समोरची बाजू वकील लावून लढते. तुमचा अर्जही तेवढ्याच तयारीचा हवा.

परिषद डॉक्टरचे वर्तन तपासते. रुग्ण बरा झाला नाही, दगावला, अधू झाला, एवढ्याने गैरवर्तन सिद्ध होत नाही. कोणत्या नोंदणीकृत व्यक्तीने, कोणत्या तारखेला, डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेचे कोणते कलम मोडले आणि ते कोणत्या पानावर दिसते, या चार प्रश्नांची उत्तरे अर्जात सापडली पाहिजेत. बाकी सगळी मेहनत त्यासाठीच.

आधी परिषद कोणती ते ठरवा

नाक्यावरचा फॅमिली डॉक्टर एमबीबीएस असेलच असे नाही. एमबीबीएस आणि त्यावरच्या एमडी, एमएस वगैरे पदव्या असलेल्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेत असते. बीएएमएस आणि बीयूएमएस डॉक्टर महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे, बीएचएमएस महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेकडे, दातांचे डॉक्टर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे. परिचारिकांसाठी महाराष्ट्र परिचर्या परिषद, फार्मासिस्टसाठी राज्य फार्मसी परिषद. प्रत्येकीचा कायदा वेगळा आहे: दंतवैद्यांचा केंद्रीय कायदा, आयुर्वेद-युनानीसाठी १९६१ चा राज्याचा, परिचारिकांसाठी १९६६ चा. इथून पुढचा मजकूर एमबीबीएस डॉक्टरांबद्दल आहे. कागद जमवण्याची आणि अर्ज मांडण्याची रीत मात्र सगळीकडे उपयोगी पडते.

नोंदणी क्रमांक शोधणे सोपे असायला हवे. २००२ च्या आचारसंहितेच्या कलम १.४.१ प्रमाणे तो दवाखान्यात लावलेला आणि प्रिस्क्रिप्शन, दाखला व पैशांच्या पावतीवर छापलेला असला पाहिजे. नसेल तर तोही एक आरोप होतो, कलम ७.३. क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. राज्यात नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, ते झाले आहे का तेही पाहा. नावाने शोधताना स्त्री-डॉक्टर सापडली नाही तर लगेच बोगस समजू नका. नोंदणी लग्नाआधीच्या नावाने झालेली असू शकते.

कुठल्याच नोंदवहीत नाव नसेल तर परिषदेकडे जाऊन उपयोग नाही, कारण काढायला नावच नाही. अशा वेळी पोलीस ठाणे आणि महापालिकेच्या वॉर्डचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार करा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ मध्ये विनानोंदणी प्रॅक्टिससाठी एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

आणखी एक ठिकाण जिथे अर्ज फसतो: ‘अमुक हॉस्पिटलविरुद्ध तक्रार’. हॉस्पिटल ही परिषदेच्या नोंदवहीतली व्यक्ती नव्हे. दरपत्रक लावलेले नाही, बिलासाठी मृतदेह अडवला, रुग्णहक्कांची सनद नाही, अशा तक्रारी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ आणि त्याच्या २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांखाली येतात, आणि मुंबईत त्या महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे द्यायच्या. परिषदेकडे जाताना माणसांची नावे काढावी लागतात. शस्त्रक्रियेच्या नोंदीत सर्जन कोण, भूल कोणी दिली, रात्री वॉर्डात आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) कोण होता? खासगी रुग्णालयांत आरएमओ बऱ्याचदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. म्हणजे एकाच रात्रीच्या घटनेसाठी दोन परिषदांकडे दोन अर्ज लागू शकतात.

कागद

इथे घाई आणि चिकाटी दोन्ही लागतात. आचारसंहितेच्या कलम १.३.१ प्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात. तीन वर्षांनंतर ‘नष्ट केल्या’ हे उत्तर मिळाले तर त्यावर फारसे काही करता येत नाही. कलम १.३.२ सांगते की रुग्णाने, त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने किंवा कायदेशीर यंत्रणेने नोंदी मागितल्या तर मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. न देणे हे कलम ७.२ खाली गैरवर्तन आहे. मुंबईकरांनी आणखी एक निकाल लक्षात ठेवावा: १९९६ साली रहेजा विरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषद या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाला त्याच्या नोंदी मिळाल्याच पाहिजेत असे स्पष्ट केले.

पण हे ७२ तास मोजायला सुरुवातीचा क्षण लागतो, आणि तोंडी मागणीला तो नसतो. ‘आम्ही तीनदा काउंटरवर विचारले’ याला पुरावा म्हणून शून्य किंमत. पत्र दोन प्रतींत लिहा, एमआरडी (वैद्यकीय नोंदींच्या) विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा, ईमेलही करा. मजकूर एवढा पुरतो:

‘मी/माझे वडील दि. ___ ते दि. ___ या काळात आपल्या रुग्णालयात दाखल होतो/होते. आयपीडी क्रमांक ___. २००२ च्या आचारसंहितेच्या कलम १.३.२ नुसार खालील नोंदींच्या साक्षांकित प्रती ७२ तासांत द्याव्यात. झेरॉक्सचा खर्च देण्यास तयार आहे.’

त्याखाली कागदांची नावे एकेक करून लिहा, कारण ‘सगळे पेपर’ मागितले की डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्ट हातात ठेवले जातात. मागायचे ते असे: दाखल करतानाची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंगच्या नोंदी, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, औषध दिल्याचा चार्ट, संमतिपत्रे, शस्त्रक्रियेची टिपणी, भुलेचा चार्ट, आयसीयूचे चार्ट, रक्त दिल्याच्या नोंदी, दुसऱ्या विभागाकडे पाठवलेल्या चिठ्ठ्या, सर्व तपासण्या, एक्स-रे व सीटीच्या सीडी, तपशीलवार बिल. यांत सर्वांत बोलका कागद सहसा नर्सिंगचा. डॉक्टरची नोंद दोन ओळींची असते, पण ‘रात्री १.४० ला आरएमओना कळवले, ३.१५ ला पुन्हा कळवले’ असे नर्सने लिहिलेले असते, आणि मधल्या एक तास पस्तीस मिनिटांवरच तुमचा सगळा अर्ज उभा राहू शकतो.

रुग्ण हयात नसेल तर वारस असल्याचा पुरावा जोडा. नातेवाइकांत वाद असेल तर सर्व वारसांचे एकाला दिलेले अधिकारपत्र आधीच तयार ठेवा, नाहीतर रुग्णालय त्याच कारणावर आठवडे काढते.

मेडिक्लेम घेतला असेल तर एक वाट हमखास तपासा. कॅशलेस किंवा प्रतिपूर्तीच्या दाव्यासाठी रुग्णालयाने विमा कंपनीला किंवा टीपीएला (तिच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेला) इनडोअर केसपेपरची प्रत अनेकदा दिलेली असते, आणि तीही वादाला तोंड फुटण्याआधी. ती मागवा आणि तुम्हाला मिळालेल्या प्रतीशेजारी ठेवून पानागणिक वाचा. नंतर घुसडलेली ओळ, बदललेली वेळ, वेगळ्या शाईतली सही तिथे दिसते.

केईएम, सायन, नायर यांसारख्या महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयांतील नोंदींसाठी हेच पत्र चालते, शिवाय माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो. तिथले डॉक्टरही परिषदेच्या नोंदवहीत असतात, त्यामुळे ‘सरकारी डॉक्टरची तक्रार कुठे करायची’ हा प्रश्न उरत नाही.

मृत्यूबद्दल शंका असेल तर शवविच्छेदन त्याच वेळी, पोलिसांना लेखी कळवून मागावे लागते. अंत्यसंस्कारानंतर मृत्यूच्या कारणाबद्दल कागदांवरून फक्त अंदाज बांधता येतो. त्या क्षणी हे सुचणे कठीण असते, म्हणून घरातल्या एकाने तरी डोके शांत ठेवावे. संतापाच्या भरात वॉर्डात धक्काबुक्की झाली तर डॉक्टर-रुग्णालयांवरील हिंसेविरुद्धच्या २०१० च्या राज्य कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई अंगावर येऊ शकते, आणि मग तक्रारदार तुम्ही राहत नाही.

आरोप कसे लिहायचे

आज लागू आहे ती २००२ ची आचारसंहिता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवी नियमावली काढली होती, पण त्याच महिन्याच्या २३ तारखेला ती स्थगित केली आणि जुनी पुन्हा लागू केली. इंटरनेटवर २०२३ ची कलमे उद्धृत करणारे नमुने अजून फिरतात. ती कलमे अर्जात लिहिली तर पहिल्याच उत्तरात समोरचा वकील ती खोडून काढतो.

रुग्णांच्या कामी येणारी कलमे मोजकी आहेत. खोटा किंवा दिशाभूल करणारा दाखला: ७.७. रुग्णाची गुपिते उघड करणे: ७.१४. लेखी संमतीशिवाय शस्त्रक्रिया: ७.१६. ओळख पटेल असा फोटो किंवा केसची माहिती परवानगीविना छापणे: ७.१७. त्या शाखेची खास पदवी नसताना स्पेशालिस्ट म्हणवणे: ७.२०. जाहिरातबाजी: ६.१. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन, म्हणजे आपल्या बोलीत ‘कट’: ६.४. कट प्रॅक्टिसविरोधी वेगळ्या कायद्याचा मसुदा राज्यात २०१७ साली तयार झाला, पण कायदा झाला नाही, त्यामुळे ६.४ वरच भिस्त आहे. आणि खरे सांगायचे तर हा आरोप सिद्ध करणे सर्वांत अवघड, कारण रोख पैशांची पावती कोणी देत नाही. लॅबच्या दोन दरांच्या पावत्या, रेफरलची चिठ्ठी, लेखी देवघेव असे काही हाती असेल तरच तो घ्या. नुसत्या संशयावर घेतलेला एक कच्चा आरोप बाकीच्या पक्क्या आरोपांचे वजन कमी करतो.

संमतीच्या आरोपात मात्र दम असतो. छापील फॉर्मवर दाखल होतानाच घेतलेली सही म्हणजे प्रत्येक गोष्टीला होकार नव्हे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले की तपासणीसाठी दिलेली संमती पुढच्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावी लागली तरच अपवाद. तेव्हा फॉर्मवर कोणती शस्त्रक्रिया लिहिली आहे, जागा रिकामी आहे का, कोणत्या भाषेत आहे, सहीची वेळ भूल देण्याआधीची आहे का, हे पाहा.

उपचारातल्या हलगर्जीचा आरोप सर्वांत जास्त केला जातो आणि सर्वांत जास्त वेळा फसतो. कलम ८.६ प्रमाणे व्यावसायिक अकार्यक्षमता ठरवण्याचे काम त्याच क्षेत्रातल्या समव्यावसायिकांचे. कसोटी सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू प्रकरणातली, २००५ ची: त्या परिस्थितीत सामान्य कुवतीचा सक्षम डॉक्टर जे करेल ते केले का? दुसऱ्या डॉक्टरने वेगळा उपचार केला असता, एवढे पुरत नाही. म्हणून त्याच शाखेच्या तज्ज्ञाचे लेखी मत मिळवा. मुंबईत डॉक्टर डॉक्टरविरुद्ध लिहून द्यायला सहसा राजी होत नाहीत. अशा वेळी नंतर ज्यांनी उपचार केले त्यांच्या डिस्चार्ज कार्डातली साधी नोंद जास्त कामी येते. ‘पोटात गॉज सापडला, काढला’ या एका ओळीला वेगळ्या मताची गरज नाही.

आता भाषा. ‘डॉक्टरांनी पैशाच्या हव्यासापोटी माझ्या आईचा जीव घेतला’ असे लिहू नका. त्याऐवजी असे: ‘आरोप २: दि. १२ रोजी रात्री ९.३० ते १२.०० या वेळेत रक्तदाब सतत घसरत असल्याची नोंद आहे (पान ३४). आरएमओंनी ९.५० ला फोनवर कळवल्याची नोंद आहे (पान ३५). डॉ. ___, नोंदणी क्र. ___, यांनी १२.४० पूर्वी रुग्णाला तपासल्याची नोंद नाही (पान ३४ ते ३७).’ यात एकही विशेषण नाही. समितीतला डॉक्टर ही तीन वाक्ये वाचून थेट पान ३४ उघडेल, आणि तुम्हाला तेच हवे आहे.

सुरुवातीला एका पानाचा तारीखवार घटनाक्रम, मग क्रमाने आरोप, मग मागणी: ‘कलम २२ खाली चौकशी करून योग्य ती कारवाई व्हावी.’ चार-पाच पाने पुरे. जोडपत्रांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग पृष्ठक्रमांक द्या. अस्पष्ट हस्ताक्षराची पाने टाइप करून सोबत लावा. मराठीत अर्ज देण्यात काहीच कमीपणा नाही, फक्त वैद्यकीय शब्द नोंदीत आहेत तसेच ठेवा. ‘सेप्सिस’चे ओढूनताणून भाषांतर केले की गोंधळ वाढतो.

दाखल करणे आणि पुढचा प्रवास

परिषदेचे कार्यालय चिंचपोकळी पश्चिमेला साने गुरुजी मार्गावर आनंद कॉम्प्लेक्समध्ये आहे. अर्जासोबत मजकूर खरा असल्याचे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र आणि तुमचे ओळखपत्र जोडा. जितक्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार, तितके संच जास्त करा, शिवाय परिषदेचा एक आणि तुमचा एक. मूळ कागद कधीही देऊ नका. स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पुढच्या प्रत्येक पत्रात तोच क्रमांक लिहायचा आहे.

नंतर डॉक्टरकडून लेखी खुलासा मागवला जातो. त्याची प्रत मागून घ्या आणि त्यावर तुमचे उत्तर द्या. या टप्प्यावर बरेच तक्रारदार गाफील राहतात. खुलाशात एखादी गोष्ट पहिल्यांदाच सांगितलेली असते, जशी ‘नातेवाइकांना धोका तोंडी समजावला होता’, आणि ती खोडली नाही तर मान्य धरली जाण्याची भीती असते. सकृतदर्शनी तथ्य दिसले तर आरोप निश्चित होऊन सुनावणी होते. साक्षीदारांना समन्स काढण्याचा अधिकार परिषदेला आहे. आचारसंहितेच्या कलम ८.२ प्रमाणे डॉक्टरला स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडता येते. सुनावणीला तुम्ही स्वतः जा, घटनाक्रमाचे एक पान हातात ठेवा, विचारले तेवढेच उत्तर द्या आणि पान क्रमांक सांगा. तारखेला गैरहजर राहायची वेळ आली तर आधी लेखी कळवा.

कलम ८.४ म्हणते निर्णय सहा महिन्यांत व्हावा. ही मुदत उलटणे नेहमीचे आहे. दर दोन महिन्यांनी आवक क्रमांक लिहून स्मरणपत्र द्या. सहा महिन्यांनंतर कलम ८.७ चा आधार घेऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे लिहा, आणि परिषदेकडे माहिती अधिकारात फाइलची सद्यःस्थिती मागा: शुल्क १० रुपये, राज्याच्या नियमाप्रमाणे एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस.

भरपाई हवी असेल तर परिषदेच्या निकालाची वाट पाहत बसू नका. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे आणि परिषदेत प्रकरण चालू आहे म्हणून ती थांबत नाही. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. दोन्ही तक्रारी एकाच वेळी चालू शकतात. मात्र जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात तिथली सेवा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालाप्रमाणे ग्राहक कायद्याबाहेर राहते, आणि केसपेपरचे नाममात्र पैसे भरले म्हणून ती आत येत नाही. मृत्यू घोर निष्काळजीपणामुळे झाला असे वाटत असेल तर पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली तक्रार करता येते, पण जेकब मॅथ्यू निकालामुळे पोलीस आधी स्वतंत्र वैद्यकीय मत मागवतात.

गर्भलिंगनिदानाच्या प्रकरणात गणित वेगळे. १९९४ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे न्यायालयाने आरोप निश्चित केले की परिषदेने नोंदणी निलंबित करायची. दोष सिद्ध झाला तर पहिल्या वेळी पाच वर्षे आणि पुन्हा झाला तर कायमचे नाव काढायचे.

निकाल विरुद्ध गेला तर? डॉक्टरसाठी वाट स्पष्ट आहे: २०१९ च्या कायद्याच्या कलम ३० प्रमाणे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या आचारनीती मंडळाकडे अपील, त्यानंतर खुद्द आयोगाकडे. त्या कलमात रुग्णाचा उल्लेखच नाही, आणि रुग्णांची अपिले त्याच कारणाने परत पाठवली गेली आहेत. उलट २००२ च्या आचारसंहितेचे कलम ८.८ ‘कोणतीही नाराज व्यक्ती’ असे म्हणते आणि ६० दिवस देते. अपील करायचेच तर ८.८ चा ठळक उल्लेख करून मुदतीत करा, आणि ते परत आले तर उच्च न्यायालयात रिट याचिकेसाठी वकिलाला भेटा. ६० दिवस आदेश हाती पडल्याच्या तारखेपासून मोजले जातात, म्हणून आदेश ज्या पाकिटातून आला ते पाकीट टपालाच्या शिक्क्यासकट फाइलला लावून ठेवा.